साडभाऊंचा नारिंगी बोआ

माझ्या साडभाऊंनी, म्हणजे मेव्हणीच्या नवऱ्याने, आजवर एकाही रंगावर पहिल्या नजरेत विश्वास ठेवलेला नाही. तुरीची डाळ पिवळी दिसली की ती कोणीतरी पिवळी केलेली असणार, टरबूज लाल निघालं की त्याला कोणीतरी सुई टोचलेली असणार, आणि माणसाचे केस काळे दिसले की त्या माणसाला काहीतरी लपवायचं असणार, असं त्यांचं जगाबद्दलचं साधं मत आहे. माझ्या लग्नात, मी बाशिंग बांधून उभा असताना, ते मला हाताला धरून मांडवामागे घेऊन गेले. थोरले जावई काहीतरी मोलाचा सल्ला देणार म्हणून मीही गेलो. त्यांनी खिशातून ओला रुमाल काढला, माझ्या कानामागच्या केसांवरून दोनदा फिरवला, रुमाल उन्हात धरून पाहिला आणि वाजंत्रीवाल्यांकडे वळून म्हणाले, "ठीक हाये, चालू द्या." हे काम सासऱ्यांनीच त्यांच्यावर सोपवलं होतं, असं ते आजही सांगतात. सासरे गेले, पण जाईपर्यंत त्यांनी ही गोष्ट कबूल केली नाही.

त्यात माझा धंदा नेमका रंगाचा. पांढुर्ण्याला माझं घरांना द्यायच्या रंगांचं दुकान आहे आणि साडभाऊ सौंसरचे, रामाकोन्याच्या रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग. त्यांनी एकदा घराला रंग द्यायचं मनावर घेतलं आणि माझ्याकडून नमुन्याचं कार्ड नेलं. महिना झाला तरी निरोप नाही. मी गेलो तर कार्ड गच्चीवर उन्हात ठेवलेलं, अर्ध्यावर स्टीलचं ताट पालथं घातलेलं. त्यांनी ताट उचललं आणि मला दोन्ही भाग दाखवले. "हे पाय. तुह्या कार्डाचाच रंग उडून राहिला, तं भितीचा काय टिकन?" ते कार्ड उन्हात ठेवण्यासाठी छापलेलं नसतं, हे मी त्यांना सांगितलं. "मंग ज्याले उन्हात ठेवता येत नाही त्याच्यावर भरोसा कायचा?" असं म्हणून त्यांनी घराला पुन्हा चुनाच फासला. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हाही त्यांनी एक वर्ष पत्त्यात जुनाच जिल्हा लिहिला. नवी पाटी त्यांनी पाहिली होती. पण पाटी काय, कोणीही रंगवते, असं त्यांचं म्हणणं.

हा संशय त्यांच्यात जन्मतः नव्हता, असं माझ्या मेव्हणीचं, म्हणजे ताईंचं म्हणणं आहे. संत्र्याचं झाड बियांपासून लावत नाहीत. जंबेरीच्या, म्हणजे जाड सालीच्या लिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, डोळा जगला की वरचं झाड संत्र्याचं आणि खालची मुळं जंबेरीची. डोळा मेला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर वर वाढते तीही जंबेरीच, आंबट आणि बिनकामाची. साडभाऊंनी तरुणपणी अशा कलमांच्या दोन ओळी मोठ्या हौसेने लावल्या. झाडांना काटे फार आले म्हणून त्यांनी कलमवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की जातिवंत झाडाला काटे असतातच. साडभाऊंनी पाच वर्षं त्या काट्यांना पाणी घातलं. पाचव्या वर्षी झाडांना खडबडीत सालीची जंबेरी लागली. तेव्हापासून ते आपली कलमं स्वतः बांधतात, आणि फळ हातात आल्याशिवाय कोणत्याच झाडाला नावाने हाक मारत नाहीत. जंबेरीच्या त्या दोन ओळी त्यांनी तोडल्या नाहीत. तिकडून जाताना ते दर वेळी तिकडे एकदा पाहतात.

अशा माणसाच्या घरी तीन वर्षांपूर्वी नारिंगी रंगाचा साप आला. साप त्यांच्या मुलाचा. मुलगा पुण्याला नोकरीला, एकुलता एक, स्वभावाने बापाच्या अगदी उलटा, कोणी काही सांगितलं की ते खरं मानणारा. पहिल्या नोकरीत त्याने हौसेने एक बोआ पाळला. बोआ हा आपल्याकडचा साप नव्हे, बाहेर देशातला, बिनविषारी, सरकारात रीतसर नोंद करून पाळता येतो. मूळचा तो तपकिरी, पाठीवर गडद पट्टे आणि शेपटी तांबडी. पण पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून जोड्या लावल्या आणि त्यातून तऱ्हेतऱ्हेचे रंग काढले. ज्याच्या अंगात काळा रंगच नाही तो अल्बिनो. ज्याच्या अंगात काळा आहे पण फार पातळ आहे तो हायपो. आणि ज्याच्यात हे दोन्ही गुण एकत्र आले तो सनग्लो, पिकल्या संत्र्यासारखा स्वच्छ नारिंगी. मुलाकडचा सनग्लो होता. निदान विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं, आणि मुलाने ते अर्थातच खरं मानलं होतं. पुढे कंपनीने त्याला काही वर्षांसाठी बाहेर देशी पाठवलं, तेव्हा काचेची पेटी, ऊब देणारी गादी आणि कागदपत्रं यांच्यासकट तो साप घेऊन सौंसरला आला. बापाला संत्र्याचं वेड, तर हा रंग त्यांना आवडेल, अशी त्याची भाबडी समजूत होती.

साडभाऊंनी बॅटरी आणली, चष्मा पुसला आणि अर्धा तास सापाकडे पाहिलं. मग बॅटरी बंद करून मुलाला म्हणाले, "फसला तू."

 दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. त्यानंतर त्याचे फोन येत ते आईला. जेवण झालं का, बीपीची गोळी घेतली का, पाऊसपाणी कसं आहे, एवढं विचारी आणि ठेवी. सापाबद्दल एक अक्षर नाही. साडभाऊ हे शेजारच्या खोलीतून कान देऊन ऐकत आणि मला सांगत, "पाय, विचारून नाही राहिला. त्यालेही माहीत हाये नकली हाये म्हून. मायाकडे टाकून गेला तो."

इथून पुढे साडभाऊंची खरी चौकशी सुरू झाली. त्यांचा दावा असा की हा साप साधा अल्बिनो आहे आणि त्याला सनग्लो म्हणून खपवला. मुलाने येतानाच या सगळ्या रंगांच्या बोआंची चित्रं त्यांच्या फोनवर पाठवून ठेवली होती, पण फोनमधल्या रंगावर त्यांचा विश्वास बसेना. एकच चित्र त्यांनी स्वतःच्या, ताईंच्या आणि माझ्या फोनवर लावून पाहिलं, आणि एकदा सौंसर-पांढुर्णा बसमध्ये कंडक्टरच्याही फोनवर. चारही नारिंगी वेगळे निघाले. तेव्हा त्यांनी चित्रं सोडली आणि संत्री घेतली. झाडावरचं, तोडलेलं आणि आठ दिवस फळांच्या पेटीत राहिलेलं, अशी तीन संत्री ते काचेसमोर ठेवत आणि साप कोणत्या संत्र्यासारखा दिसतो ते वहीत लिहीत. सकाळी एक उत्तर येई, दुपारी दुसरं. शेवटी मला बोलावणं आलं. मी नमुन्याचं कार्ड घेऊन गेलो आणि दुकानदाराच्या इमानाने सांगितलं की हा रंग कार्डावर नाही. साडभाऊंनी सापाच्या पाठीवर तिसऱ्या पट्ट्याची कडा बोटाने दाखवली. "हे पाय. वांग्याच्या फुलासारखं जांभळं दिसून राहिलं का नाही? खऱ्या सनग्लोले हे नसते." मला काही दिसत नव्हतं. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "तुह्या डोळ्यालेच रंग लागला हाये, गा." तीस वर्षं रंग विकून हे ऐकायची पाळी आली, याचा मला त्या दिवशी खरोखर राग आला होता.

सापाचं जेवण नागपूरहून बर्फात येई, पांढरे उंदीर. उंदीर पांढरा कसा, हा प्रश्न साडभाऊंना दोन महिने पुरला. पेटीत दोन थर्मामीटर होते. एक चुकला तर कळावं म्हणून दुसरा, आणि ते दोघं मिळून फसवत असतील तर कळावं म्हणून साडभाऊंचा हात. नागपंचमीला शेजारच्या चार बाया दुधाची वाटी घेऊन आल्या. साप दूध पीत नाही, हा आपल्याकडचा नाग नाही, हे त्यांना सांगायचंच होतं, पण ते सांगण्याआधी साडभाऊंनी वाटीत बोट बुडवून दुधात पाणी किती आहे ते पाहिलं. बाया रागावून गेल्या. त्यांनी पुढे गावभर सांगितलं की त्या घरी माणसापेक्षा साप बरा आहे.

सगळ्यात मोठा पुरावा त्यांच्या हाती लागला तो सापाने कात टाकली तेव्हा. सकाळी दुकान उघडत होतो तर साडभाऊ मोटारसायकलवर दारात, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. त्यांनी ती गल्ल्यावर उलगडली. आत माणसाएवढी लांब, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कात. "पाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मी तो त्यांच्या मुलाच्या नोकरीच्या वेळीही ऐकला नव्हता. "पूरा रंग उतरला. कातीवर नारिंगी नाही का पिवळं नाही. मतलब वरून दिलेला होता." मी म्हटलं, भाऊ, सगळ्याच सापांची कात अशी बिनरंगाची असते. ते म्हणाले, ते विकणाऱ्यांचं म्हणणं. मी विचारलं, आता साप कोणत्या रंगाचा दिसतो? त्यावर ते कात पुन्हा गुंडाळू लागले. सौंसरहून इतक्या लांब आले, पण कात मिळाल्याच्या खुशीत सापाकडे पाहायचं राहूनच गेलं होतं. आम्ही दोघं परत सौंसरला गेलो. साप पेटीत ताज्या धुतल्यासारखा, आधीपेक्षा जास्त नारिंगी होऊन पडला होता. साडभाऊंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "पक्का माल वापरला हाये," ते म्हणाले.

त्या दिवशी ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "तुमी हासून राहिले, पण मले हासू नाही येत. दीड वर्स झालं, बापलेकात बोलणं नाही. तो यांचं नाव काढत नाही, हे त्याचं काढत नाही. मले वाटते, यायले साप नकली ठरवाचा नाही, पोरगा मूर्ख ठरवाचा हाये. एकदा ठरलं का तो कायले येते या घरी?" मी त्यांची समजूत घातली, पण खरं सांगायचं तर मलाही तोच संशय होता. काही माणसांना आपण बरोबर ठरणं इतकं प्रिय असतं की त्यापुढे पोटचं पोरही दुय्यम वाटावं, आणि साडभाऊ त्यातलेच, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

मग साडभाऊंनी शेवटचा उपाय काढला. "फळ पायल्याबिगर झाड कळत नाही," ते मला म्हणाले. "याची पोरं पाहाव लागते." विचार मात्र त्यांनी पक्का केला होता. काळा रंग पातळ करणारा तो हायपो गुण अंगात असला की तो पिल्लांत उघड दिसतो, लपून राहत नाही. अल्बिनोचा गुण तसा नाही, तो साध्या मादीच्या पिल्लांत आतल्या आत दडून बसतो. म्हणजे साध्या तपकिरी मादीशी याची जोडी लावायची. हा नुसता अल्बिनो असेल तर सगळी पिल्लं आईसारखी गडद होतील. हा खरा सनग्लो असेल तर त्यातली निम्मी फिक्या, गुलाबी अंगाची होतील. कलमं बांधणाऱ्याला हे समजायला पुस्तक लागलं नाही. मुलाचा एक जुना मित्र नागपूरला बोआ पाळतो. त्याच्याकडून साडभाऊंनी रीतसर कागद करून एक मादी काही महिन्यांसाठी आणली. आणण्याआधी तिची जी चौकशी केली तशी त्यांनी ताईंच्या माहेराचीही केली नव्हती. ही लहानपणापासून एकटी वाढली का, दुसऱ्या नरासोबत कधी ठेवली का, हिच्या अंगावर फिकं काही आहे का. बोआची मादी नराचं बीज पुष्कळ दिवस अंगात साठवू शकते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्या भल्या पोराने तीनदा शपथेवर सांगितलं. "पोरगा सिदा दिसते," साडभाऊ मला म्हणाले, "म्हून तं शक येते."

बागेत आंबिया बहाराची फुलं लागली त्या थंडीत जोडी लागली. पुढचे सहा-सात महिने साडभाऊंनी त्या मादीला जे जपलं ते पाहून ताईंनी एकदा त्यांच्यासमोर सरळ म्हटलं की पोराच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा तुम्ही दोनदाच आले होते. साडभाऊ म्हणाले, "तवा शक नव्हता." यावर ताईंनी पंधरा दिवस त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलणं ठेवलं.

एका सकाळी फोन आला, "ये." मी गेलो. पेटीत सतरा पिल्लं होती. बोआ अंडी घालत नाही, पिल्लंच देतो. हातभर लांब, ओलसर, एकमेकांत गुंतलेली. काही मला फिकी वाटली. साडभाऊ म्हणाले, आत्ता काही बोलू नको, पहिली कात टाकेपर्यंत रंगाचा भरवसा नाही. मी तोंड मिटून परतलो. दहा-बारा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी सतरा डबे उन्हाच्या कडेला ओळीने मांडून ठेवले होते, डब्यांना आकडे टाकले होते, आणि स्वतः उकिडवे बसले होते. दाढी वाढलेली. मी ओळीवरून फिरलो. नऊ पिल्लं आईसारखी गडद, शेपटीवर काळ्या कडा. आठ गुलाबीसर, कडा पुसट, अंगावर काळ्याचा शिंतोडा नाही. रंगाच्या धंद्यात नसलेल्या माणसालाही दिसलं असतं.

"मी सात वेळा पायलं," साडभाऊ म्हणाले. "तुह्या ताईले दाखवलं. दुधवाल्याले दाखवलं. तू पाय."

"आठ, भाऊ," मी म्हटलं. "खरा आहे."

 मला वाटलं, आता ते मादीवर घसरतील, मुलाच्या मित्रावर घसरतील. मी त्याची वाटच पाहत होतो. त्यांनी तसं काही केलं नाही. उठले, हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि ताईंना म्हणाले, "त्याले फोन लाव." ताईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. तिकडे तेव्हा दुपार असावी. मुलाने उचलला तेव्हा ताई काही बोलायच्या आत साडभाऊंनी फोन हातात घेतला. फोनवर आवाज मोठा होता, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"मी बोलून राहिलो," साडभाऊ म्हणाले. "तुहा साप खरा निघाला. सनग्लो हाये. पोरं झाले त्याले, सतरा. आठ फिके हायेत. तू फसला नव्हता."

 मुलगा म्हणाला, "पक्कं, बाबा?"

"पक्कं. मावसाजी अथी हाये, त्याले विचार." मावसाजी म्हणजे मी.

"नाही, तसं नाही," मुलगा म्हणाला.  "मले वाटलं होतं मी फसलोच. तुमी त्या दिवशी म्हणले न. मी नंतर त्याच्याकडे पायलंच नाही. म्हून विचारतही नव्हतो. लाज वाटत होती."

"मी म्हणलो म्हून?"

"मंग? तुमी म्हणले मतलब असनच."

साडभाऊंचं तोंड मी त्या वेळी पाहिलं. जंबेरी लागली त्या वर्षीही त्यांचं असं झालं नसेल. आयुष्यभर ज्यांनी कोणाचा शब्द म्हणून शब्द घेतला नाही, त्यांच्या दोन शब्दांवर हा पोरगा दोन वर्षांहून जास्त काळ मान खाली घालून बसला होता. आणि त्या दोन शब्दांची शहानिशा करायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. मला स्वतःचीही शरम वाटली. त्यांना पोराला मूर्ख ठरवायचं आहे, असं मी इतके दिवस समजत होतो. पण त्या ओळीने मांडलेल्या डब्यांसमोर सात वेळा पाहणारा माणूस आठ पिल्लं फिकी निघावीत म्हणूनच पाहत होता, हे मला तोवर कळलं नव्हतं. त्यांनाही कळलं होतं की नाही, कोण जाणे.

"मायावर कायले भरोसा ठेवतं, बापा," साडभाऊ फोनमध्ये अगदी हळू म्हणाले. "मले तं उजेडात दिसत नाही." आणि फोन ताईंच्या हातात देऊन ते बागेकडे निघून गेले.

पिल्लं आता कागदपत्रांसकट चांगल्या घरी गेली. मादी नागपूरला परत गेली. नारिंगी बोआ सौंसरलाच आहे आणि साडभाऊ त्याला आता सनग्लो म्हणतात, तेही पाहुण्यांसमोर. बापलेकांचं आठवड्यातून एकदा बोलणं होतं. फार नाही, सापाने खाल्लं का, कात टाकली का, एवढंच, पण ताई म्हणतात की साडभाऊंना फोन आता दुसऱ्या खोलीतून ऐकावा लागत नाही. बाकी माणसात तिळमात्र फरक नाही. परवाच त्यांनी माझ्या दुकानातला पांढरा रंग खरा पांढरा नाही असं दोन गिऱ्हाइकांसमोर सांगितलं आणि ती गिऱ्हाइकं गेली.

दिवाळीला घरी येतो, असं मुलाने सांगितलं आहे. साडभाऊ दर चार दिवसांनी मला फोन करतात. "येतो तं म्हणून राहिला. तुले काय वाटते, येईन का तो?"

"येईल, भाऊ."

"तू म्हणून राहिला तं येईन," असं म्हणून ते फोन ठेवतात. पुन्हा विचारत नाहीत, दुसऱ्या कोणाकडून पडताळून घेत नाहीत. तीस वर्षांत त्यांनी माझा शब्द असा कधी घेतला नव्हता. त्यानंतर मला दुकानात बसवत नाही. मग मी हळूच त्या पोराला मेसेज टाकतो, तिकीट काढलं का. "पाहून राहिलो, मावसाजी," एवढंच त्याचं उत्तर येतं. एवढ्या उत्तरावर मी साडभाऊंना शब्द देऊन बसलो आहे.